अंगावर वागवलेली वीज

कोकणात थंडी पडते असं म्हटलं की घाटावरची मंडळी हसतात. हसू देत. आमच्या गुहागरला पौष महिन्यात पहाटे अंगावर चादर ओढून घ्यावी लागते, आणि विहिरीचं पाणी गरम लागतं, एवढीच आमची थंडी. स्वेटर ट्रंकेतून बाहेर निघतो तो डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन, आणि पंधरा दिवसांत परत आत जातो. पण हाच गुहागरकर मोटारसायकलवर बसून चिपळूणमार्गे पोफळीला गेला आणि पहाटेच्या वेळी कुंभार्ली घाट चढून कोयनेच्या खोऱ्यात उतरला, की त्याची पंचाईत होते. तिथली हवा वेगळी आणि मोटारसायकलवरचा वारा त्याहून वेगळा.

आज लिहितो आहे ते या थंडीबद्दल, आणि तिच्यावर माणसानं शोधलेल्या एका अजब उपायाबद्दल. तो म्हणजे विजेवर गरम होणारे कपडे. जॅकेटच्या अस्तरात बारीक तारा, हातमोज्यांतही तारा, आणि त्या सगळ्याची वायर मोटारसायकलच्या बॅटरीला. आमच्या घरात ही वस्तू आली ती मुलीमुळे. ती परदेशी बर्फाच्या गावात राहते, आणि पुण्याचा माझा भाचा लडाखला फटफटी घेऊन जाणार म्हटल्यावर तिनं त्याला असं अस्तर आणि हातमोजे पाठवून दिले. त्या कपड्यांनी वाटेत दिलेला त्रास आणि त्यातून निघालेलं शहाणपण पुढे सांगतो. पण मी पडलो इतिहास शिकवणारा मास्तर. वस्तू हातात आली की ती आली कुठून हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. आणि गंमत अशी, की या कपड्यांत होणारा प्रत्येक बिघाड यापूर्वी कोणीतरी, कधीतरी सोसलेला आहे.

आधी थंडीचं बघू. नुसती हवा गार असणं आणि गार हवा अंगावरून वाहणं यात फार फरक आहे. आपल्या अंगाभोवती ऊबदार हवेचा पातळ थर असतो. वारा तो थर सतत काढून नेतो, आणि शरीर बिचारं पुन्हा पुन्हा नवा थर तापवत बसतं. अमेरिकेचे पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल हे दोघे अंटार्क्टिकात गेले होते. तिथे त्यांनी वाऱ्यात पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं आणि १९४५ साली वारा व थंडी यांचं गणित छापलं. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी ते सुधारून घेतलं. त्या सुधारित सूत्रात आकडे घालून पाहिले, तर हवा ५ अंश असताना ताशी ६० किलोमीटर वाऱ्यात उघड्या कातडीला ती उणे २ अंशांसारखी लागते. हवा शून्य अंश असेल तर जवळजवळ उणे ९. म्हणजे मोटारसायकलवाला स्वतःच्या वेगानं स्वतःची थंडी तयार करतो.

आमच्या पिढीचा यावरचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. शर्टाच्या आत, छातीवर, वर्तमानपत्र! चहाच्या टपरीवरून कालचा अंक मागून घ्यायचा, दुमडून शर्टात सरकवायचा आणि वर स्वेटर. कागदाच्या घड्यांत हवा अडकते आणि वारा आत शिरत नाही. विज्ञान अगदी बरोबर आहे. पण छाती झाकता येते, हात झाकता येत नाहीत. हात तर हँडलवर, सगळ्यात पुढे. थंडीत शरीर रक्त पोटाकडे, काळजाकडे ओढून घेतं आणि बोटांना उपाशी ठेवतं. बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात. ती दुखायची थांबतात तेव्हाच खरा धोका असतो.

माझे एक सहशिक्षक १९७८ च्या जानेवारीत कराडहून पहाटे निघाले. शाळेची दहाची घंटा गाठायची होती. कुंभार्ली उतरताना एका वळणावर त्यांनी ब्रेक दाबला, म्हणजे दाबला असं त्यांना वाटलं. बोटं हललीच नव्हती. गाडी दगडी कठड्याला घासत गेली. जीव वाचला, पण उजवा खांदा कायमचा गेला. पुढची सगळी वर्षं ते फळ्यावर डाव्या हातानं लिहीत असत. मुलं आधी हसली, नंतर सवय झाली. ते स्वतः म्हणायचे, "हात गार पडला होता हे मला हात मोडल्यावर कळलं." म्हणून मोटारसायकलवरची ऊब ही चैन आहे असं मला कोणी सांगू लागलं, की मला तो डावा हात आठवतो.

आता वीज. सुरुवातीच्या मोटारसायकलींना वीज होती ती फक्त ठिणगीपुरती. पुढचा दिवा कार्बाईडचा. डब्यात कार्बाईडचे खडे, वरून पाण्याचे थेंब, आणि निघालेला वायू पेटवायचा. ठिणगीसाठी मॅग्नेटो. जर्मनीच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानं १८९७ साली एका फ्रेंच तीनचाकी मोटारगाडीला मॅग्नेटो बसवून दाखवला. १९०२ मध्ये त्यांच्याकडच्या गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्याबरोबर स्पार्क प्लग तयार केला. मॅग्नेटोत चुंबक फिरतो आणि वीज होते, बॅटरीची गरज नाही. किक मारली की झालं.

दिव्यासाठी डायनॅमो आणि बॅटरी आली ती नंतर. ६ व्होल्टची. इंग्रजी फटफटींवरचा डायनॅमो ५०-६० वॅटचा, म्हणजे घरातल्या एका जुन्या पिवळ्या बल्बाएवढा. आपल्याकडे मद्रासला १९५५ मध्ये एन्फील्ड इंडिया सुरू झाली, म्हैसूरला १९६१ पासून जावा बनू लागली, १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकनं लुना आणली. त्या काळच्या गाड्यांवर बसलेल्यांना आठवत असेल, अॅक्सिलरेटर पिळला की दिवा उजळायचा आणि खड्डा आला म्हणून गाडी हळू केली की दिवा मंद! म्हणजे नेमका खड्डा दिसायला हवा तेव्हाच अंधार. यात एक मोठं तत्त्व आहे आणि ते पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा. मोटारसायकलवरची वीज इंजिनाच्या फेऱ्यांवर अवलंबून असते. गाडी हळू, तर वीज थोडी.

असल्या गाडीवर कपडे गरम करायला वीज कुठून आणणार? ९० वॅटचं अस्तर आणि ६० वॅटचा डायनॅमो, म्हणजे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! त्यामुळे विजेचे कपडे मोटारसायकलवर जन्मले नाहीत. ते जन्मले आकाशात.

पहिल्या महायुद्धात विमानं उघडी होती आणि उंचावर वैमानिक अक्षरशः गारठून जात. युद्धाच्या शेवटच्या वर्षांत विजेवर तापणारे कपडे वापरून पाहिले गेले. मधल्या काळात एक गोष्ट सोयीची झाली होती. निकेल आणि क्रोमियमचा नायक्रोम हा मिश्रधातू अमेरिकेच्या आल्बर्ट मार्श यांनी शोधला आणि १९०६ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. आपल्या घरातली इस्त्री, शेगडी, पाणी तापवायचा रॉड ही सगळी त्याच्या घरची मुलं. वीज जाताना तापणारी आणि तापून न जळणारी तार माणसाच्या हाती आली.

दुसऱ्या महायुद्धात या कपड्यांची खरी परीक्षा झाली. अमेरिकेची मोठी बॉम्बफेकी विमानं २५ हजार फुटांवरून जात. तिथे तापमान उणे ३० ते उणे ५० अंश. बाजूच्या उघड्या खिडक्यांत मशीनगन घेऊन उभे राहिलेले पोरगेले सैनिक. इंग्लंडहून उडणाऱ्या अमेरिकन दलात युद्धाच्या पहिल्या टप्प्यात गोळ्यांनी आणि तुकड्यांनी जखमी होऊन उड्डाणाला मुकलेल्यांपेक्षा हिमदंशाने मुकलेले जास्त होते. शत्रूपेक्षा थंडीनं जास्त माणसं निकामी केली!

त्यांना विजेचे निळे सूट दिले होते. विमानातल्या २४ व्होल्टच्या विजेवर चालणारे. पण पहिल्या प्रकारच्या सुटात एक उणीव होती. त्यातल्या सगळ्या तारा एकामागोमाग एक, एकाच साखळीत जोडलेल्या. गणपतीच्या आराशीतली जुनी दिव्यांची माळ आठवा. एक बल्ब गेला की सगळी माळ बंद, आणि मग घरातला कोणीतरी जाणता पुरुष स्टुलावर चढून एकेक बल्ब पिळत बसलेला. तसंच त्या सुटाचं. एका मोज्यात तार तुटली की डोक्यापासून पायापर्यंत सगळा सूट थंड. आणि तारा तुटायच्या कुठे? कोपर, गुडघा, मनगट, जिथे माणूस वाकतो तिथे. पुढच्या सुटांत जोडणी बदलली, प्रत्येक भागाला वीज स्वतंत्र दिली. एक मोजा गेला तरी बाकीचं अंग ऊबदार. शाळेत आपण एकसर आणि समांतर जोडणी शिकवतो आणि मुलं ती परीक्षेपुरती पाठ करतात. त्या फरकावर माणसांची बोटं राहिली किंवा गेली आहेत हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नसतं.

याच काळातलं आपलं एक नातं सांगतो. इटलीत आपल्या मराठा पलटणी लढत होत्या. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले, आणि शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. या दोन तारखांच्या मधे एक हिवाळा आहे. अॅपेनाइन पर्वतातला चिखल आणि बर्फाचा हिवाळा. त्याच हिवाळ्यात इटलीतल्या फोजाच्या तळांवरून अमेरिकन विमानं उडत होती, आत विजेचे सूट घातलेले सैनिक. आणि खाली कोकणातल्या आणि देशावरच्या खेड्यांतून गेलेले आमचे जवान लोकर आणि कातड्याच्या बंड्यांवर, आणि निरोप्ये त्याच थंडीत फटफटींवर. वीज विमानात होती, फटफटीवर नव्हती.

ती फटफटीवर उतरायला आणखी तीस वर्षं लागली. बॅटऱ्या १२ व्होल्टच्या झाल्या, डायनॅमोच्या जागी जास्त ताकदीचे अल्टरनेटर आले. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात गॉर्डन गर्बिंग नावाचे एक गृहस्थ यंत्रशाळा चालवत. मोटारसायकलवरून कामावर येणाऱ्यांची थंडी बघून त्यांनी विजेवर तापणारे कपडे करायला घेतले आणि त्याचा धंदा उभा राहिला. त्यांच्या कपड्यांवरची गोल, छोट्या नळीसारखी पिन आज बऱ्याच कंपन्या वापरतात. १२ व्होल्टचा फायदा साधा आहे. तेवढ्याच ९० वॅटसाठी ६ व्होल्टवर १५ अँपिअर लागतील, १२ व्होल्टवर साडेसात. प्रवाह निम्मा झाला की त्याच तारेत वाया जाणारी उष्णता चौथाईवर येते.

इथवर इतिहास झाला. आता बिघाडांकडे येऊ.

पहिला बिघाड हा बिघाड नसतोच, तो हिशेब चुकलेला असतो. आमच्या तालुक्याला हे वेगळं सांगायला नको. अंजनवेल-वेलदूरला दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला, १९९९ मध्ये सुरू झाला आणि विजेच्या दरावरून व थकलेल्या पैशांवरून भांडण होऊन २००१ मध्ये बंद पडला. (पुढे २००५ मध्ये नव्या कंपनीकडे गेला, ती कथा निराळी.) यंत्रं धडधाकट होती, फिसकटला तो हिशेब. मोटारसायकलवरही जमाखर्च आधी मांडावा. समजा अल्टरनेटर धावत्या गाडीत २२० वॅट देतो. पुढचा दिवा ५५, मागचा दिवा आणि मीटर १०, इंजिनाची ठिणगी आणि पेट्रोलचा पंप मिळून ७०. झाले १३५. उरले ८५. आता अस्तर ९० वॅट आणि हातमोजे २५, म्हणजे ११५. तीस वॅटची तूट. ती कोण भरणार? बॅटरी. १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९६ वॅट-तासांची शिल्लक. तीस वॅटनं तीन तास पुरेल. पण लष्कराच्या गाड्यांमागे रांगेत गाडी धुगधुगत उभी राहिली आणि अल्टरनेटर निम्माच देऊ लागला, की तूट १४० वॅटची होते आणि तीच शिल्लक चाळीस मिनिटांत संपते. थंडीत बॅटरीची ताकद मुळातच कमी, त्यामुळे प्रत्यक्षात त्याआधीच. मग स्टार्टरचं बटण दाबलं की नुसतं 'कट्' असा आवाज.

पूर्वी लोक दिवसा दिवा बंद ठेवून ५५ वॅट वाचवत. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा गाडी चालू झाली की आपोआप लागतो, बंद करता येत नाही. अपघात टाळायला ते चांगलंच आहे. पण जमाखर्चात ती रक्कम कायमची खर्ची पडली. एलईडी दिव्याच्या गाड्यांत खर्च बराच कमी, एवढा दिलासा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कपड्यांचं बटण अर्ध्यावर ठेवणं. हल्लीचा नियंत्रक वीज सेकंदागणिक चालू-बंद करत राहतो. निम्मा वेळ चालू ठेवला की ११५ चे साधारण ५७ वॅट होतात आणि हिशेब जमतो. रांगेत उभं असताना पूर्ण बंद.

दुसरा बिघाड मात्र खरा, आणि आम्हा समुद्रकाठच्यांच्या ओळखीचा. लूज काँटॅक्ट. गुहागरात खारा वारा कुठलंच तांबं सोडत नाही. वर्षभर न वापरलेल्या प्लगच्या पिनेवर हिरवट कळंक चढतो. कळंक म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. पुन्हा थोडं गणित. ९० वॅटच्या अस्तराचा रोध १.६ ओहम. जोडात कळंकामुळे फक्त ०.४ ओहमची भर पडली, तर एकूण २ ओहम आणि प्रवाह साडेसातवरून ६ अँपिअर. अस्तराला ९० ऐवजी ५८ वॅट मिळाले, आणि १४ वॅट त्या एवढ्याशा जोडात जळू लागले. म्हणजे अंग गार आणि प्लग गरम! प्लगचं प्लास्टिक मऊ पडलेलं दिसलं की समजावं, ऊब वाटेतच कोणी खाल्ली. उपाय घरगुती आहे. जोड बारीक पॉलिश कागदानं घासा, घट्ट बसतो का ते पाहा, वरून बोटभर व्हॅसलिन लावा. आमच्याकडचे ऑटो इलेक्ट्रिशियन बॅटरीच्या टर्मिनलला वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत.

आता भाच्याची गोष्ट. सप्टेंबरच्या शेवटाला तो मनालीहून लेहच्या वाटेवर होता. तंगलंग ला ही खिंड साडेसतरा हजार फुटांच्या आसपास. खिंडीच्या अलीकडे अस्तर एकाएकी थंड पडलं. त्यानं फ्यूज बघितला, उडालेला. जवळचा दुसरा लावला. चार किलोमीटरवर तोही उडाला. तिसरा फ्यूज नव्हता. बरोबरच्या मित्रानं खिशातल्या सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद काढला. हा उपाय आपल्या देशात कोणाला माहीत नाही? घरातल्या फ्यूजलाही आपण जाड तार घालून 'पक्का बंदोबस्त' करतच आलो आहोत.

भाच्यानं तो कागद लावला नाही. त्याला धाडस नव्हतं म्हणून नाही, तर हा फ्यूज कुणाचा आहे हा विचार त्याच्या डोक्यात वेळेवर आला म्हणून. घरातला फ्यूज भिंतीतल्या तारेची राखण करतो, हा फ्यूज त्याच्या स्वतःच्या छातीवरच्या तारेची राखण करत होता. दोनदा उडाला याचा अर्थ दोनदा ओरडून सांगितलं. त्यानं अस्तराची वायर काढून ठेवली, मित्राचं जाड जाकीट उसनं घेतलं, दर अर्ध्या तासाला थांबून हात इंजिनाजवळ शेकले, आणि दोघे हळूहळू उतरले. लेहला एका मेकॅनिककडे सीट उचलल्यावर सापडलं. बॅटरीकडून येणारी वायर सीटच्या लोखंडी कडेखाली दाबली गेली होती. वरचं आवरण घासून तांबं उघडं पडलं होतं, आणि मोठा खड्डा आला की ते फ्रेमला टेकत होतं. चंदेरी कागद लावला असता तर फ्यूज उडाला नसता. उडायचं काम त्या वायरीनं केलं असतं, पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर.

हे ऐकून मी बारकाईनं विचारपूस केली, थोडं वाचलं, आणि आमच्या गावच्या वायरमनाशीही बोललो. या कपड्यांचा बिघाड शोधायचा क्रम मला असा पटला. वीज जिथून निघते तिथून सुरुवात करायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी बॅटरी. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास, आणि चालू करून थोडी रेस दिल्यावर चौदाच्या जवळपास दिसले पाहिजेत. तेवढे दिसत नसतील तर दोष कपड्यांत नाही, गाडीत आहे. मग फ्यूज. तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या तारेला कोणीच राखणदार नसतो. कपड्यांची वायर थेट बॅटरीवरूनच घ्यावी, हॉर्नच्या किंवा दिव्याच्या बारीक तारेतून नाही. अर्थिंगही फ्रेमच्या गंजक्या बोल्टला न देता बॅटरीच्या ऋण टोकाला द्यावं. त्यानंतर प्लग आणि नियंत्रक. नियंत्रक मधून काढून अस्तर क्षणभर सरळ जोडलं आणि गरम झालं, तर गुन्हेगार नियंत्रक.

शेवटी कपडे. मल्टिमीटरनं अस्तराचा रोध मोजावा. दीड-दोन ओहम आला तर ठीक, काहीच दाखवत नसेल तर तार तुटली, शून्याजवळ आला तर आत शॉर्ट. हल्लीच्या कपड्यांत समांतर जोडणी असते, त्या विमानांतल्या पोरांच्या कृपेनं. त्यामुळे एकच बाही थंड असेल तर दोष त्या बाहीत, आणि सगळंच थंड असेल तर दोष बाहेर. हातमोज्यांना वीज बाहीतून जाते. डावा मोजा थंड असेल तर त्याची वायर उजव्या बाहीला लावून पाहा. तिथेही थंडच राहिला तर मोजा बिघडला, गरम झाला तर डाव्या बाहीची तार. बॅटरी स्वतःत असलेले सात-साडेसात व्होल्टचे हातमोजेही बाजारात मिळतात, ते चुकूनही गाडीच्या १२ व्होल्टला जोडू नयेत. आणि सगळं नीट असूनही ऊब लागत नसेल, तर अस्तर ढगळ आहे का ते बघा. ते अंगालगत हवं आणि त्यावर वारा अडवणारं जाकीट हवं, नाहीतर आपण घाटातली हवा तापवत बसतो.

माझ्या वयाच्या मंडळींसाठी एक सावधगिरी. मधुमेहानं हातापायांची जाणीव कमी झालेल्यांनी असले कपडे जपून वापरावेत. बधिर कातडीला चटका कळत नाही. हेच गरम पाण्याच्या पिशवीलाही लागू आहे.

बिघाड शोधणं आणि इतिहास शिकवणं यांत मला फार फरक वाटत नाही. दोन्हीत शेवटचा परिणाम डोळ्यांसमोर असतो आणि कारण कुठेतरी मागे, सीटखाली दबलेलं असतं. परिणामावर चंदेरी कागद गुंडाळणं सोपं, मागे जाऊन तार शोधणं कष्टाचं. वर्गात मुलं विचारायची, गुरुजी, जुनं कशाला शिकायचं? त्या वेळी मी सनावळीच्या पलीकडचं उत्तर फारसं देत नसे. आता विचारलं तर त्या निळ्या सुटाची गोष्ट सांगेन. ज्यांची बोटं गेली त्यांच्यामुळे जोडणी बदलली, म्हणून माझ्या भाच्याची एक बाही बिघडली तरी दुसरी गरम राहते. त्याला त्यांची नावं ठाऊक नाहीत, मलाही नाहीत.

आपल्या कुटुंबातली दोन-तीन मुलं पुढच्या वर्षी स्पितीला निघायच्या गोष्टी करत आहेत असं कानावर आलं आहे. जरूर जा. वायर सीटच्या कडेपासून दूर बांधा, खिशात चार फ्यूज जास्तीचे ठेवा, आणि शर्टात घालायला एक वर्तमानपत्र असू द्या. वीज गेली तरी ते चालतं.